खंजेरी तापवायला भट्टी उरली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत जुन्या लोकगायकांच्या आठवणींचं सदर सुरू आहे, ते आम्ही नेमाने वाचतो. लिहिणारे मनापासून लिहितात. पण जवळजवळ प्रत्येक लेखात तेच येतं: पहाडी आवाज, साधी राहणी, शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा सूर आणि म्हातारपणातली हलाखी. गायक कुठे बसून गायचा, हातातलं वाद्य कशाचं होतं, ते रात्रभर सुरात कसं राहायचं, ऐकणारे त्या वेळी तिथे काय करत होते, यातलं काहीच वाचायला मिळत नाही. आम्ही वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतली मंडळी आहोत. कोणी भजनात मागे झील धरतो, म्हणजे मुख्य गायकामागून ओळ उचलतो, कोणी खंजेरी (एका हातात धरून वाजवायचं छोटं कातडी वाद्य) नि डफ मढवतो, एक जण लाऊडस्पीकरचा धंदा करतो. राहून गेलेली ती बाजू या पत्रात मांडतो आहोत. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापायचं झालं तर कौतुक कापा, कातडं आणि भट्टी तेवढी ठेवा.

शहरातल्या कॉफी हाऊसवर भरपूर लिहून झालं. कॉफी बोर्डाने बंद करायला काढलेली कॉफी हाऊस १९५७ पासून कामगारांच्या सहकारी संस्थांनी चालवायला घेतली, तिथे कवी आणि पुढारी एका कपावर तासन्‌तास बसायचे, हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे कॉफी हाऊस नव्हतं. एस.टी. स्टँडासमोर किंवा कापसाच्या जिनिंगच्या फाटकाबाहेर हाटेल होतं. वर कवेलू (कौलं), बाजूला मातीच्या भिंती, दर्शनी बाजूला विटा-मातीची भट्टी. भट्टीवर चहाचं गंज (पातेलं), शेजारी किटली, परातीत आलुबोंडे, बरणीत शेव. बाकं चार-पाच. दाटीवाटीने वीस-पंचवीस माणूस मावायचा. याच जागेत खंजेरी भजन, शाहिरी, सवाल-जवाब चालायचे आणि गावोगावचे गायक एकमेकांच्या चाली इथेच उचलायचे.

हे सगळं कापसाच्या हंगामाला बांधलेलं होतं, हे कोणी लिहीत नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावरच विकायचा. दिवाळीनंतर संकलन केंद्रांवर बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग लागायची आणि माप व्हायला कधी कधी दोन-दोन दिवस लागायचे. बैल सोडलेले, बंडी कापसाने भरलेली, तिच्याजवळून हलता येत नाही, झोपायला जागा नाही, रात्र थंडीची. अशा वेळी माणूस भट्टीपाशी येऊन बसतो. श्रोता गायकासाठी आला नव्हता, तो ऊब आणि चहासाठी आला होता. गायकाला तयार बसलेली माणसं मिळाली, हाटेलवाल्याचा रात्री दहानंतरचा धंदा चालू राहिला. पाच-सहा गावांचे लोक एका जागी असल्याने चांगलं भजन चार दिवसांत चारही दिशांना पोचायचं. एकाधिकार खरेदी हळूहळू बंद पडली, बंडीच्या जागी मेटॅडोर आला, व्यापारी थेट गावात काटा घेऊन यायला लागला. रांग संपली. रांगेत रखडलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे बरंच झालं, त्या रांगेचे आम्ही गोडवे गाणार नाही. एवढंच म्हणायचं आहे की श्रोता ‘लोककलेकडे पाठ फिरवून’ गेला नाही, तो ज्या कामासाठी तिथे बसायचा ते कामच तिथून उठलं.

या भागात खंजेरीच का, याचं उत्तर एका माणसापाशी जातं. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेला माणिक, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा शिष्य, पुढे तुकडोजी महाराज झाला. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम, १९४२ च्या चळवळीत नागपूर आणि रायपूरचे तुरुंग, १९५५ साली जपानची विश्वधर्म परिषद, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी निर्वाण, हे शाळेच्या भाषणात येतं. गायक म्हणून त्यांनी काय केलं, हे भाषणात येत नाही. त्यांनी भजनाचा सरंजाम कमी केला. मृदंग न्यायचा तर एक माणूस फक्त मृदंगाला लागतो. तबल्याला जोडी, हातोडी, गादी. खंजेरी झोळीत मावते, चालता चालता वाजते, आणि जो गातो तोच वाजवू शकतो. एक खंजेरी, एक टाळजोडी आणि गळा असलेली चार पोरं एवढ्यावर कोणत्याही गावात भजन मंडळ उभं राहिलं. पेटी मिळाली तर चांगलं, नाही मिळाली तरी अडत नव्हतं. पुढे अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी एकट्याने सात खंजेऱ्या वाजवत कीर्तन केलं आणि याच वाद्याला हशा-टाळ्यांची आणि अंधश्रद्धेला चिमटे काढण्याची वाट करून दिली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक आणि खडी गंमत (तिथला लोकनाट्याचा प्रकार) यांचा वेगळा थाट आहे. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. पण तो मुलूख वेगळा, त्यावर तिकडच्या लोकांनी लिहावं.

आता खंजेरीकडे येतो. सध्या बाजारात ‘भजनी खंजेरी’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं लग्नाच्या वरातीत वाजवायला ठीक आहे. चांगल्या खंजेरीचं कडं ७ ते ९ इंच व्यासाचं, २ ते ३ इंच खोल, पूर्ण वाळलेल्या लाकडाचं लागतं. ओलसर लाकडाचं कडं पहिल्याच उन्हाळ्यात अंडाकार होतं, मग कातड्याचा ताण एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी राहतो आणि एकाच थापेत दोन आवाज निघतात. असं कडं पुन्हा मढवूनही सुधारत नाही. विकत घेताना कडं सपाट फरशीवर पालथं ठेवून बघावं. डुगडुगलं की सोडून द्यावं. झांजेच्या चकत्या पितळी हव्यात. त्यांच्या मधला खिळा घट्ट बसला असेल तर त्या वाजत नाहीत, फार सैल असेल तर थाप थांबल्यावरही किणकिणत राहतात आणि पुढच्या शब्दावर सांडतात. खिळा झिजला की बदलायचा, दहा मिनिटांचं काम आहे. लोक वर्षानुवर्षं तसंच वाजवतात.

कातड्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पूर्वी खंजेरीला घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड संरक्षित आहे, तिची शिकार आणि कातड्याचा व्यापार हा गुन्हा आहे. ‘माझ्याकडे असली घोरपडीची आहे’ असं अजूनही कोणी कोणी कौतुकाने चारचौघांत सांगतं. त्यांनी हे कौतुक आवरलेलं बरं. करडाचं कातडं उत्तम काम देतं, मात्र ते पातळ आणि सगळीकडे सारख्या जाडीचं हवं. मोठ्या बोकडाच्या पाठीचं कातडं डफाला चालतं, खंजेरीला जड पडतं.

मढवायची रीत अशी. कातडं साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचं. सकाळी केस आणि आतल्या बाजूची चरबी बोथट सुरीने खरवडून काढायची. नवा माणूस इथेच चुकतो. चरबीचा पापुद्रा राहिला की खळ (कातडं चिकटवायची चिकी) धरत नाही, आणि त्याला वाटतं खळ पातळ झाली, म्हणून तो आणखी घट्ट खळ लावतो आणि कातडं महिन्याभरात सुटतं. खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, दळायचे आणि पिठाच्या पाच-सहा पट पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवायचे. दोन बोटांत घेऊन बोटं उघडली की तार आली पाहिजे. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असतो, तेव्हा ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. हल्ली सुतारकामाचा पांढरा डिंक वापरतात. तो लागतो पटकन, पण तापवलं की मऊ पडतो. खंजेरी तर तापवावीच लागते, त्यामुळे ऐन भजनात कातडं कडेने सरकतं. चिंचोक्याच्या खळीला ही खोड नाही.

ओलं कातडं कड्यावर घालताना हाताने सहज ताणलं जाईल तेवढंच ताणायचं. वाळताना ते स्वतःच आवळतं. ओलेपणीच दोघांनी धरून ओढलं तर वाळल्यावर कडेला फाटतं, नाहीतर कड्यालाच वाकवतं. वरून सुतळीचे आठ-दहा वेढे द्यायचे, दोन दिवस सावलीत ठेवायचं, मग सुतळी सोडून कडेचं कातडं कापायचं. उन्हात ठेवलं की उन्हाकडची बाजू आधी आवळते आणि मध्य सरकतो. घाईच्या ऑर्डरी उन्हातच वाळवल्या जातात, म्हणून पोळ्याच्या आसपास घेतलेली नवी खंजेरी दिवाळीत परत मढवायला येते.

आणि आता भट्टी.

कातडं हवेतली ओल शोषतं, लांबतं, ताण उतरतो, आवाज खाली येतो. आमच्याकडे उन्हाळ्यात याच्या उलट होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडी ठाक, कातडं इतकं आवळतं की खंजेरी टणटण बोलते आणि कधी रिकाम्या घरात ठेवल्या जागी फाटते. तेव्हा आतल्या बाजूने बोट ओलं करून चार-सहा थेंब पाणी फिरवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. बाहेरून पाणी लावू नये, बोट घसरतं आणि थाप चुकते. जास्त पाणी झालं तर पुसून उपयोग नाही, कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवायची आणि दुसरी घ्यायची.

पण भजनाचा हंगाम थंडीचा. रात्री अकरानंतर दव पडायला लागलं की उघड्यावर अर्ध्या-पाऊण तासात घुमारा बसतो. थाप मारली तर नुसतं ‘भद’ होतं. मग ती तापवायची. निखाऱ्यापासून वीत-दीड वीत वर, कातड्याचं तोंड खाली, हात सतत फिरता, दोन ते तीन मिनिटं. मधूनमधून बाजूला घेऊन नखाने टिचकी मारून ऐकायचं. हाताची मागची बाजू कातड्याला लावून बघायची, ऊब लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. आवाज हवा त्यापेक्षा थोडा चढाच काढायचा, कारण बाहेर नेल्यावर तो उतरणारच. निखाऱ्याजवळ एका जागी धरून ठेवली तर कातड्यावर पांढुरका कडक डाग पडतो, आणि पुढे कातडं तिथूनच तडकतं. डफालाही हीच रीत, फक्त वेळ जास्त. ढोलकीचं शाईचं तोंड मात्र कधीही विस्तवावर धरू नये, शाई तडकते. तिच्यासाठी दोरी किंवा बोल्ट आहेत. बोल्टवाली ढोलकी ओढताना समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा फिरवायचे. एकाच बाजूने ओळीने आवळत गेलं की पुडी (तोंडावरचं कातडं) तिरपी बसते, मग ती कधी सुरात येत नाही.

हाटेलात हे सगळं आपोआप व्हायचं. रात्रीच्या शेवटच्या एस.टी.नंतर चहाचा जोर ओसरायचा, भट्टीत ज्वाळा जाऊन लालभडक निखारा उरायचा आणि नेमकं त्याच वेळी भजन सुरू व्हायचं. खंजेऱ्या दोन असायच्या. एक गायकाच्या हातात, दुसरी भट्टीच्या कठड्यावर. हाटेलातला पोऱ्या गिलास विसळता विसळता कठड्यावरची खंजेरी थोडी थोडी फिरवत राहायचा, आणि पहिलीचा आवाज बसला की गाणं न थांबता अदलाबदल व्हायची. त्या पोऱ्याचा कान तयार झालेला असायचा. वाजवणाऱ्यांच्या पुढच्या पिढीतले कितीतरी असेच गिलास विसळणारे होते. कोणत्याही लेखात त्यांचा उल्लेख आम्ही वाचलेला नाही.

आता हाटेलात गॅसची शेगडी आहे. धूर नाही, राख नाही, चहा पाच मिनिटांत. हाटेलवाल्याने तेच करावं, त्याच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे. पण गॅसवर खंजेरी नीट तापत नाही. ज्वाळेची आच एका ठिकाणी लागते, आणि गॅस जळताना वाफही तयार होते, म्हणजे एकीकडे कातडं भाजतं आणि दुसरीकडे ओल लागते. निखाऱ्याची आच कोरडी आणि पसरट असते. गॅसवर धरून खंजेऱ्या जळायला लागल्या, तेव्हा मंडळांनी फायबरचं तोंड बसवलेल्या खंजेऱ्या घेतल्या. त्या ना दवाने बसतात ना उन्हाने फाटतात, प्रवासाला सोयीच्या आहेत, शाळकरी पोरांना शिकायला चांगल्या आहेत. पण डाव्या हाताच्या बोटांनी कडेजवळ दाबून आवाज खाली-वर खेळवण्याचं जे काम आहे, ते फायबरवर अर्धंमुर्धंच होतं. सगळ्यांच्या खंजेऱ्या एका सुरात एकसारख्या वाजतात आणि डोळे मिटून ऐकलं तर कोणतं मंडळ चालू आहे ते कळत नाही.

कातड्याची खंजेरी ठेवायची असेल त्यांच्यासाठी भट्टीला पर्याय आहे आणि तो स्वस्त आहे. दीड फूट लांबी-रुंदीची, फूटभर उंच प्लायवूडची पेटी, झाकणाला चार भोकं, तळाशी ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब. बल्बपासून सहा इंच वर जाळी, तिच्यावर खंजेरी पालथी. दहा ते पंधरा मिनिटांत काम होतं आणि लक्ष द्यावं लागत नाही. एलईडी बल्ब लावून ‘तापत नाही’ अशी तक्रार करणारे भेटतात. तो तापत नाही म्हणूनच तर वीज कमी खातो. पिवळा बल्ब आता प्रत्येक दुकानात मिळत नाही, तेव्हा दोन-चार घेऊन ठेवावेत. वीज नसेल तिथे कोळशाची शेगडी चालते, पण उघड्यावर. बंद खोलीत, समाजमंदिराची दारं लावून शेगडी ठेवू नये. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून निघणारा वायू जीव घेतो.

आता आमच्या लाऊडस्पीकरवाल्याचं म्हणणं. विदर्भात गावोगावी खंजेरी भजन स्पर्धा होतात, ही मोठी गोष्ट आहे. मात्र स्पर्धेत बक्षीस कोणाला मिळालं यापेक्षा शब्द कोणाचे कळले हे विचारलं तर पंचाईत होते. त्याला मुख्य कारण ‘इको’चं बटण. गायकाला स्वतःचा आवाज भारदस्त वाटतो म्हणून तो इको वाढवायला सांगतो, आणि वाढवला नाही तर मशीनवाल्यावर रागावतो. इकोमुळे प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. खंजेरीच्या द्रुत ठेक्यात तर मागची थाप पुढच्या थापेच्या मध्ये ऐकू येते, मग झीलकरी लय सोडतात. त्यात वर टिनाचं शेड असेल तर आवाज तिथूनही परत येतो. मातीच्या भिंती आणि कवेलूच्या हाटेलात ही अडचण नव्हती, तिथे आवाज जिरत होता.

करायचं काय? इको पूर्ण बंद. मुख्य गायकाचा माइक तोंडापासून सहा-आठ इंच आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ला फटका बसत नाही. खंजेरीला वेगळा माइक द्यायचा तर दीड-दोन फुटांवर, कातड्याच्या समोर नको, कडेच्या बाजूने. जवळ धरला की घुमारा फुगतो आणि शब्द बुडतात. पाच-सहा झीलकऱ्यांना मिळून एकच माइक पुरतो, प्रत्येकाला वेगळा दिला तर जो तो दुसऱ्याच्या वर ओरडतो. भोंगे गायकाच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. मागे ठेवले की शिट्टी येते, मग आवाज कमी करा, मग गायक ओरडतो, मग गळा जातो. पन्नास-साठ माणसांत माइक लावूच नये, हे आमचं ठाम मत आहे, आणि हे लाऊडस्पीकर भाड्याने देणारा माणूस सांगतो आहे.

गळ्याचंही थोडं. जुने गायक गाण्याआधी दूध घातलेला गोड चहा घेत नसत, घशाला चिकटा धरतो म्हणून. गवती चहा आणि दोन मिरे टाकलेला कोरा चहा मागत, तोही कोमट. उकळता चहा घेऊन लगेच वरच्या पट्टीत जाणं म्हणजे गळ्यावर अत्याचार आहे. पण चहा किरकोळ. खरा शत्रू हाटेलाशेजारच्या पानठेल्यावर आहे. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर आखडतं, तोंड उघडणं कमी होत जातं, तीन बोटं आत जात नाहीत अशी वेळ येते, आणि ते पूर्ववत होत नाही. पुढे कर्करोगाची भीती आहेच. गायकाचं नुकसान त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. तोंड पूर्ण उघडलं नाही की ‘आ’कार दबतो आणि वरचा स्वर नाकातून यायला लागतो. ‘अमुक बुवांचा आवाज वयाने गेला’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो वयानेच गेला असेल असं नाही. आपल्या सदरात हे छापायला संकोच वाटत असेल तर आमच्या नावावर छापा.

एक भाग मानधनाचा. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या, कमी उत्पन्नाच्या कलावंताला दरमहा ५,००० रुपये मिळतात. अडचण पुराव्याची. हाटेलात आणि बंड्यांच्या रांगेत गायलेल्या माणसाकडे कागद कुठला? हॅण्डबिल छापलं नाही, प्रमाणपत्र दिलं नाही, वर्तमानपत्रात ओळ आली नाही. त्यामुळे एका स्पर्धेत पाच वर्षं भाग घेतलेल्याची फाइल जाड आणि चाळीस वर्षं गायलेल्याची फाइल रिकामी, असं घडतं. म्हणून भजन मंडळांना सुचवणं आहे. गावात कार्यक्रम झाला की ग्रामपंचायतीच्या किंवा वाचनालयाच्या लेटरहेडवर तारीख, ठिकाण आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाचं आधार कार्डावर आहे तसंच नाव लिहून सही-शिक्का घ्यावा. टोपणनाव लिहू नये. अर्ज बहुतेक वेळा नावाच्या फरकावर अडतात. स्पर्धेत झीलकऱ्यांची नावंही प्रमाणपत्रावर टाकावीत, ‘आणि साथीदार’ एवढ्यावर त्यांना कधीच काही मिळत नाही. वर्तमानपत्राचं कात्रण ठेवताना वरची तारखेची पट्टी कापून टाकू नये.

जुन्या गायकांचं रेकॉर्डिंग करायला पोरं उत्साहाने जातात, त्यांच्यासाठीही दोन ओळी. मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर चांगली जागा आली की फोन येतो. फोन गायकापासून चार-पाच फुटांवर, छातीच्या उंचीला, खाली टॉवेलची घडी. खंजेरीच्या थेट समोर ठेवला तर आवाज फाटतो. पंखा बंद. सुरुवातीला तारीख, गाव, गायकाचं पूर्ण नाव, पद कोणाचं आणि चाल कोणाकडून घेतली हे बोलून घ्या. चाल कोणाकडून घेतली, हा प्रश्न विसरू नका. पदं छापलेली मिळतात, चालींची वाट कुठेच छापलेली नाही आणि ती सांगणारे आता थोडेच राहिले आहेत. गायकाला ‘एकच कडवं म्हणा’ असं सांगू नये. तिसऱ्या-चौथ्या कडव्यानंतर गळा आणि हात एकमेकांना सापडतात, खरं गाणं तिथून पुढे असतं. आणि रीलसाठी तीस सेकंद कापायचेच असतील तर मूळ फाइल पुसू नका.

शेवटी हाटेलाबद्दल. जुनं हाटेल परत येणार नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात थंड पेयांचा फ्रीज, टीव्हीवर मॅच, कागदी कपात चहा घेऊन उभ्याउभ्याच निघून जाणारा गिऱ्हाईक, यात कोणाचा दोष नाही. पण आठवडी बाजाराच्या गावांत अजून रात्री आठ-नऊपर्यंत माणूस असतो. अशा गावात महिन्यातून दोनदा, बाजाराच्याच दिवशी, हाटेलवाल्याशी बोलून दोन तासांची बैठक जमवता येते. त्याचा हिशोब आधी करून द्यावा, कारण खुर्च्या दोन तास अडल्या तर त्याचं नुकसान होतं. आम्हाला जमण्यासारखी वाटते ती पद्धत अशी: बसणाऱ्या प्रत्येकाने कमीत कमी दोन चहा घ्यायचे, गायक-वादकांचा चहा-नाश्ता मंडळाने द्यायचा, हाटेलवाल्याकडून फुकट काही घ्यायचं नाही. टीव्ही बंद. माइक नाही. हार-तुरे आणि अध्यक्षांचं भाषण नाही, भाषण आलं की पहिल्या वीस मिनिटांत निम्मे लोक उठतात. गाणारी मंडळी दोन, एक गावातली आणि एक बाहेरची, म्हणजे चाली हलत्या राहतात. बल्बची पेटी काउंटरखाली ठेवायची, तिची वायर कपबश्यांच्या पाण्यापासून लांब. सत्तरीच्या पुढचा गायक असेल तर त्याला शेवटी बसवू नका, नऊ वाजता त्याला गावी जायला एस.टी. नसते. त्याला सगळ्यात आधी गाऊ द्या आणि परतीच्या गाडीची सोय त्याला बोलवायच्या आधी करा.

आपल्या सदराच्या पुढच्या भागांत गायकाबरोबर त्याची खंजेरी कोणी मढवली, तो कोणत्या हाटेलात बसायचा आणि मागे झील कोण धरायचं, एवढे तीन प्रश्न लेखकांना विचारायला सांगावेत, ही विनंती. पेटीचं माप किंवा खळीबद्दल कोणा वाचकाला विचारायचं असेल तर आपल्या पत्रव्यवहारातून कळवावं, उत्तर देऊ.

आपले,
खंजेरी, डफ आणि भजनाशी संबंधित काही वाचक
(वर्धा आणि अमरावती जिल्हा)